मातीत राहिलेलं औषध: मोजायचं कसं आणि वाचायचं कसं

(आकाशवाणीवरील शेतकरी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्याशी मातीच्या तपासणीबद्दल बोलणार आहे, पण नेहमीच्या नाही. नत्र, स्फुरद, पालाश किती आहे, सामू किती आहे, ते तुम्ही अनेकदा ऐकलंय. आजचा विषय आहे मातीत राहून गेलेल्या कीटकनाशकांचा. आपण फवारतो, धुरळतो, दाणेदार औषध सरीत टाकतो. त्यातलं थोडं किडीला लागतं, थोडं पानावर राहतं, आणि बरंचसं खाली जमिनीवर पडतं. तिथं ते किती दिवस राहतं? राहिलंय की गेलं, हे कळायचं कसं?

तुम्ही म्हणाल, साहेब, मुंबईच्या उपनगरात शेती उरलीय कुठे? उरलीय. गोराई-मनोरीला खाडीपलीकडे दुधी, काकडी, वांगी आजही होतात. आरेच्या पाड्यांवर पावसाळ्यात भात, नाचणी आणि परसात शिराळी, पडवळ असतंच. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या बाजूला रेल्वेरुळांच्या कडेनं पालक आणि लाल माठाचे वाफे आपण सगळ्यांनी गाडीतून बघितलेत. त्यातले पुष्कळ गेल्या काही वर्षांत बंद झाले, ती गोष्ट वेगळी. आणि आता नवीन भर पडलीय ती गच्चीवरच्या बागेची. अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांमधून लोक ड्रमात आणि क्रेटमध्ये भाजी लावतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "माती कुठली आणायची?" तो प्रश्न आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गोराईच्या बाजूला एका काकांचा चौदा गुंठ्यांचा मळा आहे. काका औषध फारसं मारत नाहीत. बोरिवलीतली काही कुटुंबं त्यांच्याकडून दर आठवड्याला भाजीची पिशवी घ्यायची. एकदा त्या मंडळींनी विचारलं, तुमच्या मातीत काही औषध नाही ना, एकदा तपासून दाखवा. काकांनी मला बोलावलं. मी नवा होतो, हुरूप होता. मळ्यात फिरून बारा ठिकाणची माती घेतली, एकत्र केली, पिशवीत भरली आणि पाठवून दिली. पंधरा-वीस दिवसांनी अहवाल आला. त्यात डीडीटी! आणि आकडाही लहान नव्हता.

मी घाबरलो. अहवालात खाली चार ओळी आणखी होत्या, त्या मी नीट वाचल्याच नाहीत. एकूण आकडा तेवढा बघितला आणि काकांना सांगितला. काकांनी तो ग्राहकांना सांगितला, कारण माणूस सरळ. पिशव्या बंद झाल्या. काकडीचा मांडव ऐन तोडणीवर आलेला, तो काकांनी स्वतःच्या हातानं उपटून टाकला. मला म्हणाले, "मी डीडीटीचा डबा तीस वर्षांत घरात आणला नाही, साहेब." खरंच बोलत होते.

मग प्रयोगशाळेतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं मला फोनवर एकच प्रश्न विचारला, "माती कुठून कुठून उचललीत?" मी आठवून सांगू लागलो आणि बाराव्या जागेवर थांबलो. ती जागा मळ्याच्या कोपऱ्यात, जुन्या गोठ्याच्या जोत्यालगत होती. काकांच्या वडिलांच्या काळात तिथं म्हशी असायच्या. माश्या, डास, गोचीड यांसाठी भिंतींना आणि जमिनीला वर्षानुवर्षं डीडीटी मारलेलं. गोठा पडून गेला, भिंत गेली, पण माती तिथंच होती.

आता हिशेब बघा. समजा बारा जागांपैकी अकरा जागी दर किलो मातीत ०.०५ मिलिग्रॅम औषध आहे, आणि बाराव्या जागी १० मिलिग्रॅम. सगळी माती सारखी मिसळली तर सरासरी येते ०.८८. म्हणजे मळ्याच्या खऱ्या आकड्याच्या सतरा पटींहून जास्त! एका खुरप्याभर मातीनं चौदा गुंठ्यांची बदनामी केली. नमुना चुकला की पुढचं लाखो रुपयांचं यंत्रही चुकीचंच उत्तर देणार, फक्त ते तीन दशांश स्थळांपर्यंत देणार.

म्हणून नमुन्याबद्दल आज सविस्तर बोलतो. बाकी गोष्टी थोडक्यात आटोपू.

पहिली गोष्ट, शेताचे भाग पाडा. जिथं औषध कालवता, पंप धुता, जिथं जुना गोठा किंवा धान्याची कोठी होती, जिथं रिकाम्या बाटल्या पुरल्या, त्या जागा वेगळ्या. त्यांचा नमुना वेगळ्या बरणीत. विहिरीच्या काठाचा वेगळा. बांधालगतची दोन हात जागा सोडून द्या. मधला जो एकसारखा पिकाचा भाग आहे तेवढाच एक नमुना. शिवाय एक नमुना असा घ्या की जिथं तुमच्या माहितीत कधीच औषध पडलेलं नाही, माडाखालची किंवा पडीक जागा. याला तुलनेचा नमुना म्हणतात. तो नसला तर आलेला आकडा तुमच्या फवाऱ्याचा की शेजाऱ्याच्या, की डासांच्या फवारणीचा, हे ओळखणं जड जातं.

दुसरी गोष्ट, खोली. भाजीच्या शेतात वरचा सहा इंच थर पुरे, म्हणजे १५ सेंटिमीटर. वरचा पालापाचोळा बाजूला करा, पण माती खरवडू नका, कारण डीडीटीसारखी औषधं वरच्याच थराला धरून असतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. शेतात नागमोडी चालत अशा पंधरा-वीस जागा घ्या. सगळी माती स्वच्छ घमेल्यात घ्या, खडे-मुळं काढा, मिसळा, ढीग करा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत असं करा. हे तुम्हाला खताच्या तपासणीवरून माहीत आहेच.

पण पुढे फरक आहे, आणि इथंच लोक चुकतात. खतासाठीची माती आपण पसरून वाळवतो. औषधाच्या तपासणीची माती उन्हात वाळवू नका. यातली बरीच औषधं उन्हानं आणि उष्णतेनं उडतात किंवा मोडतात. माती ओलसर असेल तशीच भरा. प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. प्लास्टिकमधले काही पदार्थ मातीत उतरतात आणि यंत्राच्या कागदावर औषधासारखीच खूण उमटवतात. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, साबणानं आणि मग भरपूर पाण्यानं धुऊन कोरडी केलेली. लोणच्याची घेऊ नका, तिला तेल धरलेलं असतं. झाकणाखाली ॲल्युमिनियमचा पातळ कागद लावा. खताची किंवा बियाण्याची जुनी गोणी तर अजिबात नको, बियाण्यालाच औषध चोळलेलं असतं.

तुमचे हात, खुरपं, घमेलं, सगळं धुतलेलं असावं. एका जागेची माती काढली की दुसरीकडे जाण्याआधी खुरपं पुन्हा धुवा. आणि ज्या दिवशी फवारणी केली त्याच दिवशी, त्याच कपड्यांत नमुना घेऊ नका, एवढं मी वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण हे होताना मी पाहिलंय.

बरणी बर्फाच्या पेटीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. मासळीवाले वापरतात तो थर्माकोलचा डबा याला उत्तम, नवा घ्या म्हणजे झालं. त्याच दिवशी पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण घरच्या जेवणाच्या फ्रिजमध्ये ठेवायला गृहलक्ष्मीची परवानगी घ्या.

बरणीवर चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, शाई ओल्यानं पसरते. चिठ्ठीत गाव, जागा, खोली, तारीख. आणि सोबतच्या कागदावर गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय मारलं त्याची यादी. ही यादी सगळ्यात महत्त्वाची. "सगळी औषधं तपासा" असं सांगून भागत नाही. प्रयोगशाळेकडे एकाच वेळी तपासता येणाऱ्या औषधांची एक ठरलेली यादी असते. ती लांब असते, पण त्यात सगळं नसतं. तणनाशक ग्लायफोसेट त्या यादीच्या पद्धतीत येत नाही, त्याला वेगळी तपासणी लागते. तेव्हा आधी यादी मागा, खर्च विचारा, आणि मग नमुना पाठवा. खर्च एकट्याला जड वाटला तर एका वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळून तुलनेचा नमुना एकच ठेवावा, तेवढीच बचत.

आता प्रयोगशाळेत काय करतात ते थोडक्यात.

माती चाळतात. थोडी माती वेगळी वाळवून तिच्यात पाणी किती ते काढतात, कारण हिशेब कोरड्या मातीवर मांडायचा असतो. मग ठरावीक वजनाची माती ॲसिटोन, हेक्झेन किंवा ॲसिटोनायट्राइल अशा द्रावणात घुसळतात. औषध मातीतून सुटून द्रावणात येतं. चहाची पावडर पाण्यात उकळल्यावर अर्क उतरतो, तसंच. पण अर्काबरोबर मातीचा रंग, कुजलेल्या पाल्यातले तेलकट पदार्थ हेही उतरतात, म्हणून तो गाळून स्वच्छ करतात. मग त्याचा एक थेंबही नाही, थेंबाचा बारीक अंश गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात सोडतात. आत एक लांबच लांब केसासारखी नळी असते. प्रत्येक औषध त्या नळीतून आपापल्या वेगानं बाहेर पडतं, शर्यतीतल्या बैलांसारखं. कोण किती मिनिटांनी आलं त्यावरून नाव कळतं, आणि कागदावर किती उंच शिखर उमटलं त्यावरून प्रमाण कळतं. डीडीटी, बीएचसी यांसारखी क्लोरीनची औषधं पकडायला जो शोधक वापरतात तो १९५७ साली जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञानं बनवला. त्याच्यामुळेच जगाला पहिल्यांदा कळलं की ही औषधं कुठवर पोचलीत. इमिडाक्लोप्रिडसारख्या नव्या औषधांना दुसरं यंत्र लागतं, द्रवावर चालणारं.

चांगली प्रयोगशाळा आणखी एक गोष्ट करते. स्वच्छ मातीत ठाऊक असलेलं औषध मुद्दाम मिसळून तेवढं परत मिळतं का ते बघते. शंभर भाग घातले आणि सत्तर ते एकशेवीसच्या दरम्यान मिळाले तर पद्धत ठीक धरतात. हे तुम्ही विचारायला हरकत नाही. "साहेब, तुमची रिकव्हरी किती?" एवढं विचारलंत की समोरचा माणूस सावरून बसतो.

तरी एक गोष्ट यंत्रालाही दिसत नाही. औषधाचा काही भाग मातीच्या कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला असा चिकटतो की कुठल्याच द्रावणानं सुटत नाही. तो बघायला किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेलं औषध मातीत घालावं लागतं. असे प्रयोग आपल्या इथंच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झालेले आहेत. घाटकोपरहून फार लांब नाही ते. खुणेचा कार्बन कुठं गेला ते मोजलं की कळतं, किती उडून गेलं, किती जिवाणूंनी मोडलं आणि किती मातीला बांधलं गेलं. उष्ण देशांतल्या अशा प्रयोगांतून दिसलं की डीडीटी आपल्याकडे थंड देशांपेक्षा पुष्कळ लवकर मातीतून कमी होतं. मोठं कारण ऊन आणि उष्णता, म्हणजे ते हवेत उडून जातं. उडून गेलं म्हणजे नाहीसं झालं असं मात्र नव्हे. आपल्या शेतातून गेलं, कुठंतरी दुसरीकडे उतरलं.

आता अहवाल हातात आला. तो वाचायचा कसा? मी जे केलं नाही ते तुम्ही करा, म्हणजे प्रत्येक ओळ वाचा.

आकडा मिलिग्रॅम प्रति किलो असा असतो. डोळ्यासमोर यावं म्हणून गुंठ्याचा हिशेब सांगतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. सहा इंच खोलीपर्यंतची त्याची माती साधारण वीस टन भरते. म्हणजे किलोला १ मिलिग्रॅम याचा अर्थ गुंठ्यात वीस ग्रॅम औषध. आणि ०.०१ म्हणजे अख्ख्या गुंठ्यात ग्रॅमचा पाचवा हिस्सा, चिमूटसुद्धा नाही. पूर्वी बीएचसी १० टक्के भुकटी हेक्टरी २५ किलो धुरळायचे. त्यात शुद्ध बीएचसी अडीच किलो. ती सगळी वरच्या सहा इंचात राहिली असं धरलं तर एका धुरळणीचा आकडा येतो किलोला साधारण सव्वा मिलिग्रॅम. आमच्या वडिलांच्या पिढीनं अशा किती धुरळण्या केल्या, मोजदाद नाही.

"बीएलक्यू" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शून्य नव्हे. मोजता येण्याच्या मर्यादेपेक्षा कमी, एवढाच अर्थ. मर्यादा किती तेही अहवालात छापलेलं असतं, ते बघा.

डीडीटी एकाच नावानं येत नाही. मूळ डीडीटी, आणि त्याचं मोडून झालेलं डीडीई व डीडीडी असे तीन आकडे असतात. डीडीई जास्त आणि मूळ डीडीटी कमी असेल तर औषध जुनं, पूर्वी कधीतरी पडलेलं. मूळ डीडीटीच जास्त असेल तर कोणीतरी अलीकडे वापरलंय किंवा डासांच्या फवारणीतून आलंय. भातखाचरासारख्या पाणी साचणाऱ्या जागी, जिथं मातीला हवा मिळत नाही, तिथं डीडीडी जास्त निघतं. बीएचसीचंही तसंच, त्याचे अल्फा, बीटा, गामा, डेल्टा असे प्रकार. बीटा सगळ्यात चिवट, तो मागं राहतो. एकटा गामाच दिसला तर ते लिंडेन.

काकांच्या अहवालात बहुतेक सगळं डीडीई होतं. ती ओळ मी वाचली असती तर मांडव उपटायची वेळ आली नसती. माणूस खोटं बोलत नव्हता हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

कायद्याचं थोडं सांगतो, म्हणजे "जुनं" कशाला म्हणायचं ते कळेल. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ साली बंदी झाली. आरोग्य खात्याच्या डास-निर्मूलनासाठी ते चालू ठेवलं होतं. बीएचसी १९९७ साली बंद झालं. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं मे २०११ मध्ये बंदी घातली. लिंडेनचा वापर २०१३ पासून बंद. सरीत टाकायचं दाणेदार फोरेट २०२० सालच्या अखेरीस बंद झालं. कोळीनाशक डायकोफॉल २०२३ मध्ये. डायकोफॉल डीडीटीपासूनच बनवायचे आणि त्यात थोडं डीडीटी राहून जायचं, त्यामुळे वांग्यावर लाल कोळ्यासाठी डायकोफॉल मारणाऱ्याच्या शेतातही डीडीटी निघू शकतं. फोरेटचं आणखी एक, ते स्वतः लवकर बदलतं, पण त्याची बदललेली रूपं, सल्फॉक्साइड आणि सल्फोन, मातीत कितीतरी जास्त टिकतात आणि तीही विषारीच. फक्त "फोरेट नाही" असा अहवाल आला तर विचारा, ही दोन बघितलीत का?

एक प्रश्न नेहमी येतो. किती असलं म्हणजे वाईट? प्रामाणिक उत्तर असं की अन्नपदार्थांसाठी देशात कमाल मर्यादा ठरवलेल्या आहेत, एफएसएसएआय ही संस्था त्या ठरवते. शेतजमिनीच्या मातीसाठी कीटकनाशकांची तशी कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नाही. म्हणून मातीचा आकडा हा इशारा समजावा, निकाल नव्हे. निकाल भाजीवर लागतो. माझी दुसरी चूक हीच, मी काकडी तपासलीच नाही! मांडवावर लगडलेली होती आणि मी फक्त माती तपासली.

आणि काकडीचंच नाव आलं ते बरं झालं. जपानमध्ये डिल्ड्रिन नावाच्या औषधावर १९७० च्या दशकात बंदी आली. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी तिथल्या काकड्यांत ते सापडू लागलं. शेतकऱ्यानं मारलेलं नव्हतं, मातीत होतं. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा आढळलं की भोपळा-काकडीच्या वर्गातल्या वेलींची मुळं ही चिवट औषधं मातीतून ओढून फळापर्यंत नेतात. बाकीच्या बहुतेक पिकांना ते तसं जमत नाही. तिथं मग कमी ओढणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर काकडीचं कलम बांधायला सुरुवात झाली. आपल्यासाठी याचा साधा उपयोग असा की ज्या तुकड्यात जुनं औषध निघालं तिथं काकडी, दुधी, भोपळा, पडवळ, शिराळी यांचे मांडव घालू नका. मुळा, गाजर, बीट यांच्या सालीतही उतरतं, तेही टाळा. भेंडी, वांगी, मिरची, टोमॅटो लावा. फुलझाडं लावा, शेवंती-झेंडूला मुंबईत कधी गिऱ्हाईक कमी पडलं नाही. पालेभाजीला मातीचे शिंतोडे उडतात, तेव्हा ती लावायचीच असेल तर खाली पेंढ्याचं आच्छादन आणि तोडल्यावर भरपूर धुणं.

अशा मातीत चांगलं कुजलेलं शेणखत, कंपोस्ट भरपूर घाला. सेंद्रिय पदार्थ औषधाला धरून ठेवतो, मुळांकडे कमी जाऊ देतो, आणि मातीतल्या जिवाणूंना खाद्य मिळून ते मोडायचं कामही चालतं. पण शेणखत कुठलं? जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यातलं खत उपनगरातल्या मळ्यांनी वर्षानुवर्षं वापरलंय, चांगलंच असतं. फक्त तबेलेवाल्याला एवढं विचारा की गोचिडांसाठी गेल्या महिन्या-दोन महिन्यांत काय फवारलं. ताजं, फवारलेल्या म्हशीखालचं शेण सरळ वाफ्यात घालू नका. चांगलं तीन-चार महिने कुजू द्या.

आता गच्चीवरच्या मंडळींचा प्रश्न. उपनगरात माती मिळते ती बहुतेक वेळा कुठल्या तरी खोदकामातली. जुना बंगला किंवा चाळ पाडली, पाया खणला, ट्रक भरला. इमारतीच्या पायात वाळवीसाठी मातीत औषध जिरवण्याची पद्धत जुनी आहे. पूर्वी त्यासाठी ऑल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर वापरायचे, नंतर क्लोरपायरिफॉस आलं. आणि वाळवीसाठीचा डोस शेतातल्या डोसापेक्षा कितीतरी पटींनी जड असतो, कारण ते टिकावं हाच हेतू! शेतात क्लोरपायरिफॉस काही महिन्यांत उतरतं. पायातल्या जड डोसाचं वर्षाहून जास्त टिकतं, आणि ती जुनी औषधं तर पिढीभर. तेव्हा पाडकामाची, भरावाची माती भाजीसाठी घेऊ नका, फुकट मिळाली तरी. घ्यावीच लागली तर तिचा नमुना आधी तपासा. मी स्वतः सोसायटीवाल्यांना नारळाचा भुसा, कंपोस्ट आणि ओळखीच्या शेतातली थोडी माती एवढंच सांगतो.

आपल्या पावसाचं एक सांगायचं राहिलं. उपनगरात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इमिडाक्लोप्रिडसारखं पाण्यात विरघळणारं औषध त्याबरोबर खाली उतरतं, गोराईसारख्या वालुकामय जमिनीत तर लवकर, आणि विहिरीत जाऊ शकतं. डीडीटी विरघळत नाही, ते चिखलाबरोबर वाहून सखल कोपऱ्यात साठतं. म्हणून शेतातला सखल कोपराही वेगळा नमुना धरा. आणि विहिरीचं पाणी पिता किंवा जनावरांना पाजता, तर एक बाटली पाण्याचीही पाठवा, तीही काचेची.

नमुना कुठं द्यायचा? कृषी खात्याची उर्वरित अंश तपासणीची प्रयोगशाळा पुण्याला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधांच्या अंशाच्या अभ्यासाचं केंद्र आहे. पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात मोठी प्रयोगशाळा आहे. तिचं नाव झालं ते २००३ नंतर, युरोपात आपल्या द्राक्षांत मेथोमिलचा अंश सापडून गोंधळ उडाला आणि निर्यातीआधी प्रत्येक बागेचा नमुना तपासायची पद्धत बसली तेव्हापासून. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला आज नमुना, अंश, मर्यादा हे शब्द पाठ आहेत. कारण तिथं माल परत येतो. आपली भाजी दादरच्या मंडईतून परत येत नाही, म्हणून आपण विचारत नाही. खाणारा मात्र तोच, आपल्याच शहरातला. कुठल्या ठिकाणी मातीचे नमुने घेतात आणि कुठं फक्त फळभाजीचे, हे मात्र पाठवण्याआधी विचारून घ्या. तालुका कृषी अधिकाऱ्याकडून चिठ्ठी घेतली तर सोपं जातं.

काकांचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही पुन्हा नमुने घेतले. या वेळी तीन बरण्या, मळ्याची, गोठ्याच्या जागेची आणि माडाखालची. मळ्यात आणि माडाखाली आकडा जवळजवळ सारखा, अगदी थोडा निघाला. गोठ्याच्या जागी भरपूर. ते तीनही कागद काकांनी ग्राहकांना नेऊन दाखवले, मी बरोबर गेलो आणि माझी चूक माझ्या तोंडानं सांगितली. काही कुटुंबं परत आली. काही आली नाहीत, त्यांनी दुसरीकडे भाजी लावली होती. गोठ्याच्या जागेवर काकांनी आता झेंडू आणि मोगरा लावलाय. त्या तुकड्याला कुंपण घातलंय, तिथली माती दुसरीकडे नेत नाहीत आणि कोंबड्यांना तिथं चरू देत नाहीत. हे कोंबड्यांचं त्यांनी स्वतः विचारलं होतं, आणि बरोबर विचारलं. कोंबडी माती टोचते, आणि डीडीटीसारखं औषध तिच्या चरबीत आणि अंड्यात उतरतं.

ज्यांना या वर्षी नमुना घ्यायचा असेल त्यांनी पहिला पाऊस पडायच्या आधी, म्हणजे मेच्या अखेरीपर्यंत घ्यावा. फवारणी होऊन निदान महिना झालेला असावा. बरणी आजच धुऊन ठेवा.